न जुळलेली कड

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणी काखेत काठी घेतलेली, कुणी पाठीला उशी बांधून आलेलं. समोरच्या लाकडी चौथऱ्यावर सांधेबाबा उभा होता. त्याच्या हातात धातूची जाड पट्टी होती, वरून पांढरी, खालून काळपट. एका टोकाला लाल दोरा घट्ट गुंडाळलेला.

"वर अ‍ॅल्युमिनियम, खाली पोलाद!" बाबा गरजला. "आग नाही, डाग नाही, खिळा नाही, डिंक नाही! मी फुंकर मारली आणि दोघं एकजीव झाले. अहो, लोखंडाला माझं ऐकू येतं, मग तुमचं हाड काय बहिरं आहे?"

लोक हसले. बाबाने गर्दीतल्या एका वेल्डरला वर बोलावलं. "बघ रे, तुला जमेल?"

वेल्डरने पट्टी उलटसुलट केली, हातोडीने ठोकून पाहिली. "नाही बुवा. हे दोन वितळवून जोडले तर जोड काचेसारखा तडकतो."

तो खरंच सांगत होता. म्हणूनच गोदामभर हात जोडले गेले.

सासऱ्यांना घेऊन आलेली एक सून भिंतीला टेकून हे बघत होती. नवरा गेल्यापासून तिला सगळं काचेपलीकडून दिसायचं. ती कारखान्याच्या तपासणी खोलीत असल्याच पट्ट्या कापायची, घासायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बाबाची पट्टी तिने पहिल्याच दिवशी ओळखली होती. बोलून काय होणार, असं वाटलं होतं. मग तेवढंही वाटेनासं झालं.

पहिल्या रांगेत तिचे सासरे बसले होते. जिन्यावरून पडून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं होतं आणि त्यावर बाबाची पट्टी फडक्याने आवळून बांधली होती. दवाखान्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, "पोरगा तिथे गेला आणि परत आला नाही. मी नाही जायचा." विषय तिथेच संपायचा.

आज त्यांच्या पायाची बोटं निळी पडली होती. शेजारी बसलेल्या नणंदेने घाबरत सांधेबाबाला विचारलं, "बाबा, हे असं का हो?"

"शक्ती उतरतेय, ताई! निळी ती शक्ती, पिवळी ती अशक्ती!"

सून खाली वाकली. तिने सासऱ्यांचा अंगठा दाबला. "अण्णा, दुखतंय?"

"नाही गं," ते समाधानाने म्हणाले. "आता काहीच कळत नाही."

काहीच कळत नाही. तिला ते फार ओळखीचं वाटलं. तिने फडकं सोडलं, पट्टी काढली आणि टोकाचा लाल दोरा उलगडायला घेतला.

"वहिनी, वेड लागलंय का तुला!"

"दोऱ्याला हात लावू नका!" बाबा ओरडला. "शक्ती निसटेल!"

"निसटेल खरी. इथे तिला वाट आहे," सून म्हणाली.

दोऱ्याखाली फट होती. तिने केसातली पिन काढून आत सरकवली. पिन अर्धी आत गेली. वेल्डर चौथऱ्यावरून उडी मारून आला. "अरेच्चा! इथे तर जोडच नाही!"

"कडेला नसतोच," ती म्हणाली. अहवाल वाचावा तसा तिचा आवाज सपाट होता. "आमच्याकडे पोलादाच्या पत्र्यावर थोडं अंतर सोडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवतात. त्यावर स्फोटक भुकटी पसरून एका बाजूने उडवतात. स्फोट पुढे सरकतो तसा वरचा पत्रा खालच्यावर तिरका आपटत जातो. त्या दणक्याने दोन्हींवरचा पापुद्रा उडून जातो आणि आतला कोरा धातू एकमेकांत घट्ट बसतो. धड वितळायलाही वेळ मिळत नाही. कडेला मात्र जोर पुरत नाही, म्हणून कडा कापून आम्ही भंगारात टाकतो. यांनी त्या उचलल्या आणि फट झाकायला दोरा गुंडाळला. खोटं वाटत असेल तर आपापला दोरा सोडून बघा."

बाबाकडून पट्ट्या विकत घेतलेल्या लोकांनी दोरे सोडले. फटी निघाल्या.

"तुमची श्रद्धा कमी पडली, म्हणून फट पडली!" बाबा म्हणाला.

"पट्टी विकताना बरी पुरत होती!" कुणीतरी मागून ओरडलं.

सासऱ्यांनी सुनेकडून पट्टी हातात घेतली. "ती भुकटी कोण पसरतं?"

"तुमचा मुलगा पसरायचा."

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"त्याला न्यूमोनिया झाला होता, अण्णा," ती म्हणाली. "दवाखान्याने नाही मारलं. आपण घरी वाफारे देत बसलो आणि उशिरा नेलं. मीसुद्धा."

नणंद रडायला लागली. सासऱ्यांनी पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. "उचला मला."

डॉक्टरांनी पाय वाचवला. दोन बोटं मात्र काढावी लागली.

गोंधळात बाबा पसार झाला. दुसरीकडे कुठे तरी काही जोडून दाखवत असेल. ते नवल खोटं नसेलही. पट्टीचं तरी कुठे खोटं होतं? खोटी होती ती फुंकर. म्हणून नवल दिसलं तर जरूर बघावं, तोंडभर वाखाणावं आणि विचारावं, हे झालं कसं? जो सांगेल त्याच्याकडून शिकावं. जो विचारू नका म्हणेल, त्याच्या दारात आपलं माणूस नेऊ नये. आणि माणूस आजारी असेल, तर हे सगळे प्रश्न मागाहून. आधी डॉक्टर.