सैल झालेला साचा

मित्रांनो, भिऊ नका. मला बघून लहान लेकरं आईच्या पदरात तोंड लपवतात, हे मला ठाऊक आहे. नाक आहे, हनुवटी आहे, गालही चांगले भरलेले आहेत, पण आत माणूस नाही. मी एक जुना मास्क आहे. नाकातोंडावर बांधून बाजारात जायचा तो कापडी मास्क नव्हे हं. किरणांचा इलाज देताना पेशंटचं डोकं हलू नये म्हणून ते टेबलाला जखडून ठेवतात ना, तो मी, प्लास्टिकच्या जाळीचा. लातूरच्या एका दवाखान्यात माझं सगळं आयुष्य गेलं. तिथले साहेब लोक मला मास्क म्हणत, आणि बाहेर बाकड्यावर बसलेले पेशंट साचा म्हणत. मला आपलं साचा हेच नाव आवडतं.

कारखान्यातून आलो तेव्हा मला चेहरा नव्हता. एका चौकटीत बसवलेला पांढरा सपाट तुकडा, आणि अंगभर भोकं. गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं की मी पापडाच्या लाटीसारखा मऊ होतो. मग मला एखाद्याच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात, आणि गार झालो की तोच चेहरा मला कायमचा चिकटतो. दुसऱ्या कुणाच्या मी कामाचा उरत नाही. आमच्या जातीचा संसार असा एकाच माणसाशी असतो.

माझ्या वाट्याला आले लिंबाजी. निलंगा डेपोत उभी हयात कंडक्टर होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. तंबाखूची चिमूट काही सुटली नाही, आणि तिनंही त्यांना सोडलं नाही. जिभेच्या मुळाशी गाठ झाली, ती खाली मानेत उतरली आणि मणक्याच्या जवळ जाऊन बसली. मला पहिल्यांदा पाहून ते हसले होते. "हे तर तिकिटाला पंच मारल्यावानी दिसायलंय की," म्हणाले.

मला त्यांच्या चेहऱ्यावर बसवलं महामायानं. ही देवणीकडची पोर, किरणांचं मशीन चालवायचं शिक्षण घेत होती आणि शेवटच्या वर्षाला होती. तिचे शिक्षक भागवत सर मागे उभे राहून सांगत होते, "कानापासून दाब. हनुवटी सोडू नको. गार होईस्तोवर हात काढायचा नाही." तिनं हात काढला नाही. मी असा बसलो, की तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवून विचारलं, "हा कुणी केला?" महामायाचा चेहरा त्या दिवशी नुसता फुलला होता. मीही ताठलो होतो, खोटं कशाला सांगू.

भागवत सर फार बोलत नसत, पण त्या दिवशी सगळ्या शिकाऊ पोरांना गोळा करून त्यांनी सांगितलं, "किरणांना डोळे नसतात. आपण दाखवू तिथं ती जातात. ह्या पेशंटची गाठ आणि मणक्यातली मज्जारज्जू अगदी शेजारी शेजारी आहेत. मार गाठीला बसला पाहिजे. रज्जूला बसला, तर माणसाचे हातपाय जातील. म्हणून रोज मास्क लावला की गालापाशी बोट घालून बघायचं. बोट आत गेलं की थांबायचं आणि मला हाक मारायची. पेशंट रडला तरी थांबायचं, बाहेर रांग लागली तरी थांबायचं."

सुरुवातीचे दिवस बरे गेले. टेबलावर आडवं होताना लिंबाजी "चला, निलंगा, निलंगा!" अशी आरोळी द्यायचे आणि महामाया हसून "मामा, सुट्टे पैसे काढा" म्हणायची. मग ती मला क्लिपांनी टेबलाला आवळायची, भिंतीवरून येणारी लाल रेघ माझ्यावरच्या खुणेशी जुळवायची, बोट घालून बघायची आणि बाहेर जायची. जाडजूड दार लागायचं. आत उरायचो आम्ही दोघं आणि ते मशीन. दाराबाहेर लिंबाजींची बायको नागुबाई नवऱ्याचा सदरा मांडीवर घेऊन बसलेली असायची.

आता त्या बाकड्याचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. रेणापूरकडचा एक पेशंट होता. तो वाळला, त्याचा साचा सैल पडला, म्हणून त्याला नवा केला. पण बिचाऱ्याचा आजारच लई पुढं गेलेला, तो काही वाचला नाही. झालं! बाकड्यावर बोलणं सुरू झालं, की साचा सैल झाला की माणूस गेला. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दाराच्या आतल्या शिकलेल्या माणसांना ह्याचा पत्ताच नव्हता. बाकड्यावर येऊन बसतो कोण?

पुढे किरणांनी लिंबाजींचं तोंड आतून सोलवटून निघालं. घोटभर पाणी गिळायचं तरी डोळ्यांत पाणी यायचं. नाकातून नळी घातली तरी अंगाला काही लागेना. माणूस दिसामाशी उतरत गेला, आणि ते सगळ्यात आधी कळलं मला. गाल माझ्यापासून सुटले, मग जबडा सुटला. वाटलं, आज महामायाचं बोट आत जाणार. पण बोट यायच्या आधी लिंबाजींनी श्वास भरला, गाल फुगवले, हनुवटी वर रेटली आणि मला असे भिडले, की बोट काय, दोरासुद्धा गेला नसता. दार लागलं आणि त्यांनी श्वास सोडला. मान माझ्या आत कलंडली. मशीन सुरू झालं.

असं रोज व्हायला लागलं. दर सोमवारी जागा तपासायला मशीनवरच फोटो काढतात, तेव्हाही ते फुगून राहायचे. बस चालू झाली की थांबली, हे डोळे मिटून ओळखणारा माणूस तो. फोटो कधी संपतो आणि किरणं कधी सुरू होतात, हे त्यांना मशीनच्या आवाजावरून कळायचं. मला सगळं दिसत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. मित्रांनो, ते दिवस मला अजून छळतात.

महामायाला कळलं ते एका बुधवारी. मला चेहऱ्यावरून काढलं की कातडीवर जाळीचे वळ उठलेले असतात, कपाळापासून मानेपर्यंत. त्या दिवशी लिंबाजींच्या कपाळावर वळ होते, हनुवटीवर होते आणि गालांवर काहीच नव्हतं. बोट घातलं तेव्हा तर गाल जाळीला घट्ट भिडलेले होते! ती बघतच राहिली.

"मामा, तुमी गाल फुगवून राहता काय?"

लिंबाजींनी दाराकडे बघितलं आणि तिचा हात धरला. आवाज बसलेला, घोगरा. "माय, कुणाला सांगू नको. नवा साचा केला की माणूस जातो. रेणापूरचा गेला का न्हाई?"

"तसं नसतंय, मामा. वजन उतरलं की नवा करतेतच."

"तू अजून शिकायलीस. तुला काय म्हाईत?"

ते तिच्या वर्मी लागलं. शिकाऊ तर ती होतीच. त्यात आपल्यावर एवढा जीव टाकलेला म्हातारा माणूस हात धरून बसलेला. दाराशी नागुबाईनं नवऱ्याला सदरा घातला आणि गळ्याची गुंडी लावली. गळपट्टी मानेला कशी घट्ट बसली होती! महामायानं ती बघितली आणि मनाची समजूत घातली, की माणूस एवढा वाळला असता, तर गळपट्टी सैल नसती का पडली? गुंडी निळ्या दोऱ्यानं शिवलेली होती आणि बाकीच्या पांढऱ्या, एवढं तिला दिसलं. पण त्याचा अर्थ तिनं काढला नाही. तो आठवडा ती गप्प राहिली.

सोमवारी फोटो निघाला. काचेपलीकडून सर म्हणाले, "जागा बरोबर आहे. चला." आणि महामाया एकदम उठली. "सर, एक मिनिट," म्हणत ती आत आली. तिनं माझ्या गालापाशी बोट ठेवलं आणि दुसरा हात लिंबाजींच्या छातीवर.

"मामा, श्वास सोडा."

लिंबाजींनी सोडला नाही. डोळे माझ्या भोकांतून तिच्याकडे लागलेले. तिनंही हात काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्या माणसाचा दमच संपला. श्वास सुटला, गाल आत गेले, आणि तिची दोन बोटं सरळ आत आली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

"सर!" तिनं हाक मारली.

दात मिटूनच लिंबाजी बोलले, "पोरी, हितं माझा स्टॉप नव्हता गं."

त्यानंतर दुसरा फोटो काढला, तर मान पहिल्या फोटोपासून चांगली सरकलेली. सरांनी विचारलं, "तुला कधी कळलं?" तिनं खरं सांगितलं, बुधवारी. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती पुढं मैत्रिणीला म्हणाली. इलाज थांबला, पुन्हा स्कॅन झाला, सगळी मांडणी पुन्हा झाली. असंच चालू राहिलं असतं तर रज्जू गेली असती, एवढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझ्या जागी नवा साचा आला, माझी सवतच म्हणा ना! तिचे गाल खोल गेलेले. मला कपाटावर फेकलं, आणि तिथं धूळ खात मी पडून राहिलो. लिंबाजींनी इलाज पुरा केला, पण पुन्हा कधी "निलंगा, निलंगा" म्हटलं नाही. महामाया आली की ते भिंतीकडे बघायचे.

काही महिन्यांनी गाठ परत आली, किरणं दिलेल्या जागेच्या अगदी कडेला. बुद्धपौर्णिमेच्या आधी लिंबाजी गेले. महामायानं सरांना विचारलं, "सर, त्या दिवसांमुळं का?" सर म्हणाले, "कुणालाच सांगता यायचं नाही. हे असं न कळलेलं सोबत घेऊनच आपल्याला काम करायचं असतं." बाकड्यावर मात्र सगळ्यांना कळलं होतं. बघा, नवा साचा केला आणि माणूस गेला, म्हणाले.

महामाया पास झाली आणि तिथंच नोकरीला लागली. एके दिवशी तिनं मला कपाटावरून उतरवलं, पुसलं आणि नव्या पोरांसमोर टेबलावर ठेवलं. शिकवत असतानाच दारात नागुबाई उभी. नळीतून द्यायच्या पावडरीचे उरलेले डबे दुसऱ्या कुणाला होतील म्हणून परत द्यायला आली होती. तिची नजर माझ्यावर गेली. ती सरळ जवळ आली आणि तिनं माझ्या गालावर हात ठेवला.

"हे तर आमचेच हायेत," ती म्हणाली. "हे असेच हुते बगा."

महामाया पोरांसमोरच बोलली. "मामी, हा सैल झाल्याचं मला आधी कळलं हुतं. मी लगेच बोलले न्हाई."

नागुबाई माझा गाल चाचपत म्हणाली, "तुझ्या आदी मला कळलं हुतं, माय. सदऱ्याची गळपट्टी सैल पडायली, तर मीच दर आठ दिवसाला गुंडी आत घेऊन शिवायली. म्हटलं, लोकांनी काय म्हणू नये, आन् त्यांनी आरशात बगून भिऊ नये. डॉक्टरीणबाईला मीच सांगाया पायजे हुतं." तिनं गळ्यापाशी हात नेला. "लई बारीक केलती गळपट्टी मी."

मला घरी घेऊन जाता का, असं महामायानं तिला विचारलं, पण नागुबाईनं मान हलवली. "ऱ्हाऊ दे. पोरांना दाखीव," म्हणाली, आणि डबे ठेवून एसटी पकडायला गेली.

तेव्हापासून मी टेबलावरच आहे. दर वर्षी नवी पोरं येतात, माझ्यात बोट घालतात, आणि महामाया त्यांना शिकवते, की आधी पेशंटला श्वास सोडायला सांगा आणि मगच बोट घाला. नवा पेशंट आला, की पहिल्या दिवशी ती स्वतः बाकड्यावर जाऊन बसते आणि पेशंटला आणि त्याच्या माणसांना सांगते, की साचा सैल होणारच आहे, झाला की मला सांगा. कुणी ऐकतं, कुणी मान हलवून गुपचूप गाल फुगवतं.

मित्रांनो, मी प्लास्टिकचा तुकडा, मला सांगायची सोय नव्हती. तुम्हाला आहे. घरातलं माणूस वाळायला लागलं, तर प्रेमापोटी गुंडी आत घेऊ नका आणि भीतीपोटी गप्प बसू नका. सैल झालं असेल तर सैल झालं म्हणा. साचा नवा करता येतो.