एकेचाळिसावं प्रशस्तिपत्र

मी एक प्रशस्तिपत्र आहे, कुणीच न नेलेलं. कागदाच्या आठवणीवर किती विसंबावं, हे माझं मलाच कळत नाही. पण जे माझ्या अंगावर घडलं, तेवढंच सांगतो.

छापखान्यात आम्ही एकेचाळीस जण एकाच दिवशी जन्मलो. जाड, पिवळसर कागद, कडेनं सोनेरी वेल आणि मधे मजकूर: 'राज्याच्या इतिहासाचा उत्तम अभ्यास केल्याबद्दल'. त्याखाली नावासाठी एक ओळ. परीक्षेत निवडलेली मुलं चाळीसच होती. लिहिताना एखादं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून एक पत्र नेहमी जास्तीचं छापतात. तो जास्तीचा मी.

नावं लिहायला मास्तर आले. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण तसं वळणदार अक्षर शिक्षण कार्यालयात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. यादीवर पट्टी ठेवायची, नाव वाचायचं, लिहायचं आणि पट्टी एक ओळ खाली सरकवायची, अशी त्यांची पद्धत. चाळिसावं नाव त्यांच्या नातीचं होतं. ते त्यांनी जरा जास्तच सावकाश लिहिलं. मग सवयीनं पट्टी आणखी खाली सरकली. तिथं नुसता कोरा कागद होता. मास्तरांनी तो वाचला आणि माझ्यावर एक नाव लिहिलं.

टाकाचं टोक गारठलेलं होतं.

कारकूनबाई पत्रं मोजायला आल्या. "मास्तर, ही एकेचाळिसावी कुठून उगवली?"

"यादीत होती."

"दाखवा बरं कुठंय! लेकाला सांगा, चष्मा बदलून द्यायला."

मास्तरांनी यादी पाहिली, मग मला पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"फाडा की, जास्तीचंच आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मला दोन्ही हातांत धरलं, पण फाडवेना. पिशवीत घालून ते मला घरी घेऊन गेले.

घरी नात दुसऱ्या दिवशीचं भाषण घोकत होती. "धरणाच्या वेळी सगळी गावं वेळेत हलवली. एकही माणूस दगावला नाही." मास्तरांनी मला बाहेर काढताच माझ्यावरचं नाव वाचून ती थांबली. "आजोबा, ही कोण? आमच्या शाळेत नाही ही."

"माझ्या वर्गात होती. पहिल्या बाकावर." मास्तर खाली बसले. "हीच परीक्षा, हाच प्रश्न. तिनं लिहिलं, पाणी आधी आलं, गाड्या नंतर आल्या. पुढं लिहिलं, माझे आजोबा घरातच राहिले. तेव्हाचे साहेब म्हणाले, पुस्तकात नाही ते चालायचं नाही, गैरहजर लावा हिला. मी पेपर फाडला आणि गैरहजर लिहिलं. ती दारात उभी राहून बघत होती गं. परत शाळेत आली नाही. त्याच हिवाळ्यात तापानं गेली."

"मग मी उद्या काय म्हणू?"

मास्तरांनी पिशवी मांडीवर ओढली. चारचौघांत हे बोललो, तर नातीच्या कौतुकाच्या दिवशी तिलाच मान खाली घालावी लागेल, आणि नाही बोललो तर तेच वाक्य आता ती म्हणेल. ते पिशवीचा बंद नुसता पिळत राहिले.

समारंभ दुपारी होता. मास्तरांनी मला हळूच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. अधिकाऱ्यांनी चाळीस नावं पुकारली, मग माझ्यावरचं पुकारलं. कुणी उठलं नाही.

"गैरहजर दिसते," म्हणत त्यांनी मला टेबलावर टाकलं.

तेव्हा दोन लहान हातांनी माझ्या कडा धरल्या. हात ओले होते. मी टेबलावरून वीतभर उचललो गेलो आणि तसाच राहिलो.

"पंखा कमी करा हो कुणीतरी," कारकूनबाई म्हणाल्या.

मास्तर मात्र उठून उभे राहिले. "गैरहजर नाही साहेब. ती हजर होती. मी खोटं लिहिलं." आणि रडत, अडखळत त्यांनी सगळं सांगितलं.

मग नात माइकपाशी गेली. "एकही माणूस," एवढंच म्हणाली आणि आजोबांकडे बघत उभी राहिली.

मास्तर आता कार्यालयात येत नाहीत. बाकीची चाळीस घरोघरी भिंतींवर आहेत. मी इथं, लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप आहे. तरी कधीकधी एक बोट माझ्यावरून फिरतं, लहान मुलं वाचतात तसं, एकेका अक्षराखालून. स्वतःचं नाव वाचून झालं की बोट थांबतं आणि कुणीतरी अगदी हळू विचारतं, "आणि माझे आजोबा?"

मी काय सांगू? माझ्यावर एकच ओळ आहे. पण माझी मागची बाजू कोरी आहे. त्या बुडालेल्या गावातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर कपाट उघडा आणि तिथं बाकीची नावं लिहा. ती थांबली आहे.