द्रौपदाच्या नावावर

“मग बायना, तुझी नात गांजा वडायला शिकवती का निस्ता अभ्यासच करती?”

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावून विचारले, पण आवाज असा लावला की चकलांब्याच्या आरोग्य उपकेंद्राच्या पडवीत बसलेल्या साऱ्या बायांना ऐकू जावे. त्या माजी सरपंच भगवानरावांच्या मंडळी. बी.पी.च्या गोळ्या न्यायला आल्या होत्या आणि गोळ्या मिळून अर्धा तास झाला तरी हलल्या नव्हत्या.

बायनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तंबाखूची डबी कमरेला खोचली.

“वडायला कावून शिकवील, बाई? ती मांडीतला गांजा हुडकायला आली हाय. तुमच्या बी मांडीत हाय म्हनं. रातच्याला नीट झोप लागती का न्हाई, त्येच्यावरनं वळखायचं.”

पडवी हसली. वत्सलाबाईही हसल्या, पण उठल्याच.

थट्टेत बोलल्या तरी बायनाबाई अगदीच खोटे बोलल्या नव्हत्या. आठ दिवसांपूर्वी प्रियदर्शनी संभाजीनगरहून आली, तेव्हा भाकऱ्या थापता थापता त्यांनी तिच्याकडून सगळे वदवून घेतले होते. नात सांगत होती, आपल्या स्नायूंच्या आत बारीक बारीक पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत शेकडो चुली पेटलेल्या असतात. त्या चुलींवर आपण चालतो, उचलतो, वाकतो. पेशीच्या अंगाला आणि थेट चुलींच्याही अंगाला एक कुलूप असते. गांजातला अंमल ज्या किल्लीने चढतो ती किल्ली या कुलपाला बसते. पण शरीर स्वतःही तसलीच किल्ली घडवत असते. ती सारखी फिरत राहिली तर चुली मंदावतात, नव्या पेटत नाहीत. आतापर्यंत उंदरांमध्ये बरेचसे असे दिसले आहे.

“मग शरीराची सोताची किल्ली आसताना कुलपाला गांजाचं नाव कावून?”

“आधी गांजातला पदार्थ सापडला आजी, मग कुलूप. शरीराची किल्ली सगळ्यांत शेवटी सापडली.”

“आसं व्हय. घरात राबती बायको आन् घर नवऱ्याच्या नावावर.”

प्रियदर्शनी भाकरी तशीच हातात धरून हसत राहिली होती. मग गंभीर होऊन म्हणाली, “ज्या बायांनी जन्मभर ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, त्यांच्या म्हातारपणी या कुलपांचं आणि चुलींचं काय होतं, हे कुणी बघितलेलंच नाही. मला ते बघायचंय.”

बायनाबाईंना वाटले, हे आपल्याबद्दलच चालले आहे. आणि ते खरेच होते. नवरा रामकिसन गेला तेव्हा त्या तिशीच्या आत होत्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या बाईला मुकादम अर्धा कोयताही म्हणायला तयार होईना. त्याच वर्षी टोळीतल्याच द्रौपदाचा नवरा उत्तरेश्वर बैलगाडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसला. मग या दोघींनी मिळून एक कोयता केला. कड्याच्या कारखान्याला तीन हंगाम. बाया-बायांचा कोयता टोळीने आधी कधी पाहिला नव्हता. डोईवर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे, वर टाकून उलट्या पायी उतरायचे, पुन्हा चढायचे. गडी माणसे बिडी पेटवून बघत उभी राहत. ही हकीकत प्रियदर्शनीने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की तिला ती तोंडपाठ होती.

म्हणून तपासायच्या बायांच्या यादीत पहिले नाव आपलेच असणार, हे बायनाबाईंनी गृहीत धरले होते. नातीने समजावले, की अभ्यास करणाऱ्याच्या रक्ताच्या नात्यातले माणूस त्यात घेता येत नाही. नियमच आहे. बायनाबाई दोन वेळा जेवल्या नाहीत. तिसऱ्या वेळी जेवल्या आणि पदर खोचून गावात निघाल्या. मांडीतून मांसाचा कण काढून देणाऱ्या, पंचावन्नच्या पुढच्या, वीस हंगाम तोडलेल्या बारा बाया त्यांनी एकटीने गोळा केल्या.

आज शेवटचा दिवस होता. परवानगीची मुदत आज संपत होती. काढलेला कण बर्फाच्या पेटीतून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागे, म्हणून जीप दोनला निघायलाच हवी होती. सात बाया आदल्या दोन दिवसांत झाल्या होत्या, आज सकाळपासून चार. बारा भरल्या नाहीत तर हिशेब उभा राहत नाही, चार वर्षांचे काम लुळे पडते, असे प्रियदर्शनी म्हणाली होती.

आणि बारावी द्रौपदा पाणी प्यायला म्हणून गेली ती परतलीच नव्हती.

बायनाबाई उन्हातून तिच्या घरी गेल्या. उत्तरेश्वर ओट्यावर बसून दोर वळत होता. “ती आत हाय,” तो मान वर न करता म्हणाला. “तिला बोलू नका, वयनी. वत्सलाबाईनं सांगितलंय, लचका तोडत्यात म्हनं.”

द्रौपदा चुलीमागे बसली होती. हाताने मांडी दाबून धरली होती, जणू कुणी आत्ताच ती काढून नेणार होते.

“सुईला भेत न्हाई, बायने. तीन बाळंतपनं उसाच्या फडात झाल्यात माझी. पर पाय गेला तर? दसऱ्याला पुन्ना तोडीला जायचंय मला. पायाबिगर मला कोन नेतंय?”

बायनाबाईंनी सक्ती केली नाही. हात पुढे करून म्हणाल्या, “तुझं आधार कारड दे.”

“कशाला?”

“दे तर.”

द्रौपदाने डब्यातून कार्ड काढून दिले. टोळीत कोण कुणाच्या जागी उभे राहते, हे काही एकमेकींना विचारावे लागत नसे. दुसऱ्या हंगामात बायनाबाई आठ दिवस तापाने पाचटाच्या कोपीत पडल्या होत्या. त्या आठ दिवसांत मुकादमाने बायनाचे नाव पुकारले की द्रौपदा ‘हाय’ म्हणायची आणि दोघींचे काम ओढायची. त्यात कुणाला पाप वाटले नव्हते. उलट जी अशी उभी राहत नसे, तिलाच टोळी नावे ठेवत असे.

उपकेंद्रात डॉक्टर धनश्री त्या दिवशीच नव्याने आल्या होत्या, आधीच्या डॉक्टरांच्या जागी. त्यांनी कार्ड हातात घेतले. त्यावरचा फोटो असा होता, की तो खुद्द द्रौपदालाही ओळखू आला नसता.

“द्रौपदाबाई उत्तरेश्वर?”

“हाय,” बायनाबाई म्हणाल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी लुगडे गुडघ्याच्या वर सारले आणि त्या थबकल्या. “काय घट्ट मांडी आहे हो आजी! माझ्या वॉर्डातल्या तिशीतल्या पोरींची अशी नसते.”

छताकडे बघत बायनाबाई स्वतःशी हसल्या. तपकिरी औषधाचा गार बोळा मांडीवर फिरला. सुई भरून तयार होती. तेवढ्यात रिकामी बाटली घेऊन प्रियदर्शनी आत आली.

“थांबा मॅडम.”

ती खाटेजवळ आली.

“आजी, ऊठ.”

“म्या द्रौपदा हाय.”

“आजी.”

बायनाबाई कोपरावर उठल्या. “ती भेली हाय. तिच्या जागी म्या आले. टोळीत आसंच आसतंय, तुला काय ठावं? ती माझ्या नावावर आठ दिस राबली. माझ्या मांडीत ऊस न्हाई का? का माझ्या चुली यगळ्या हायती?”

“यात एक नाव खोटं निघालं, तर बाकीच्या अकरा बायांचंही सगळं खोटं पडतं. त्यांनी जे दिलं ते वाया जातं.”

“पन कुनाला कळनार हाय?”

प्रियदर्शनीने बाटली टेबलावर ठेवली. ट्रेमधला स्वच्छ बोळा घेतला आणि ती स्वतःच्या हाताने आजीच्या मांडीवरचे तपकिरी औषध पुसू लागली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती. पुसून झाल्यावर तिने लुगडे खाली ओढले आणि निऱ्या सारख्या केल्या.

बायनाबाईंना राग यायला हवा होता. चार माणसांत नातीने खोटे पाडले होते. पण त्यांना दिसत होता तो तिचा हात. चार वर्षांचे काम त्या एका बोळ्याने ती पुसून टाकत होती, आणि पुसायची थांबत नव्हती. मुकादम पाहिले, पुढारी पाहिले, कागद फिरवणारे साहेब पाहिले. असा हात त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या छातीत काहीतरी भरून आले आणि त्यांना ते लपवायचेही नव्हते.

“माझी नात हाय,” त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, आणि खाली उतरल्या.

दाराबाहेर द्रौपदा उभी होती. कार्ड कशाला नेले या घोराने मागोमाग आली होती आणि खिडकीतून सगळे ऐकले होते.

“तू माझ्या नावावर झोपलीस व्हय गं?”

“झोपले. पोरीनं उठिवलं.”

“कावून?”

“माझं चालत न्हाई. तुझंच पायजे.” बायनाबाईंनी कार्ड तिच्या हातात दिले. “खरं सांगते. दोन-तीन दिस दुखंल, चौथ्या दिशी पायऱ्या चढशील. पाय जात न्हाई. ती गयाबाई परवाच्याला झाली, आज शेन काढत हुती. पर न्हाई म्हनलीस तरी कुनी रागवायचं न्हाई. तसं कागदावर लिवलंय, पोरीनं वाचून दावलंय. घरी जा तू.”

द्रौपदाने कार्ड उलटसुलट केले. “आन् तू काय करनार?”

“मला काय करता येतंय? बसन हितं.”

द्रौपदाने कार्ड कमरेला खोचले.

“हितं नगं बसू,” ती म्हणाली. “आत चल. माझा हात धर.”

प्रियदर्शनीने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. द्रौपदाने अंगठा न देता सही केली, एकेक अक्षर कोरत. बधिर करायची सुई टोचली तेव्हा तिने बायनाबाईंची बोटे अशी आवळली की नखे रुतली. बायनाबाईंनी हात सोडवला नाही. कण बाहेर आला तो तुरीच्या डाळीएवढा.

“येवढाच?” द्रौपदा मान उचलून म्हणाली. “बया! येवढ्यासाठी म्या चुलीमागं लपले व्हय?”

डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. प्रियदर्शनी हसली नाही. तिने तो कण बाटलीत सोडला, बाटलीवर आकडा लिहिला आणि मग भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

दोनला पाच कमी असताना पेटी जीपमध्ये चढली.

“आजी, निकालाला वर्ष लागेल,” प्रियदर्शनी खिडकीतून म्हणाली. “कदाचित काहीच निघायचं नाही.”

“मग?”

“मग काही निघालं नाही, असं लिहीन.”

“लिव,” बायनाबाई म्हणाल्या. “पन निघालं तर माझ्या कानावर घाल आदी.”

जीप गेल्यावर पडवीत थांबलेल्या बाया उठल्या. सकाळच्या चौघी आणि द्रौपदा, सगळ्यांच्या मांडीला पट्टी. बायना आल्याशिवाय जायचे नाही म्हणून त्या चौघी बसून राहिल्या होत्या. पाचही जणी एका पायावर भार देत, एकमेकींच्या चालण्याला नावे ठेवत गावाकडे निघाल्या.

बायनाबाईंचे दोन्ही पाय धड होते. त्यांचा वेग तर अख्ख्या गावाला माहीत होता. दहा पावलांत त्या पुढे गेल्या, थांबल्या, मागे वळल्या. मग लुगड्याचा काठ जरा उचलून धरत त्या पाचजणींच्या मधोमध शिरल्या आणि पाऊल आखूड करून त्यांच्या लंगडत्या चालीने चालू लागल्या.