बर्नीच्या शेतातलं अंगुस्तान

डेस्मंड थर्कटलने तीस वर्षांत इंग्लंडातल्या नॉरफोकची जितकी जमीन हुंगली, तितकी कुठल्या शिकारी कुत्र्यानेही हुंगली नसेल. दर रविवारी कानावर हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर, कमरेला छोटं फावडं. यंत्र किंचाळलं की हा चिखलात गुडघे टेकणार, उकरणार आणि बियरच्या डब्याची कडी डोळ्यांपाशी धरून गंभीरपणे म्हणणार, "जुनी दिसते." आमच्या क्लबात सगळेच असे. घरी बायकोने पडलेली सुई उचलायला सांगितली तर आमची कंबर धरते. शेतात मात्र आम्ही दिवसभर वाकतो आणि संध्याकाळी एक वाकडं बकल खिशात घालून राजासारखे घरी येतो.

सापडलेलं सगळं डेस्मंड बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यांत भरायचा. "सवडीने साफ करू," म्हणायचा. ती सवड काही कधी मिळाली नाही. डब्यांनी आधी कपाट घेतलं, मग पलंग, मग सबंध मागची खोली. त्याची बायको मेव्हिस पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे तीन खोल्या आहेत. दोन आमच्या, एक गंजाची."

गेल्या उन्हाळ्यात डेस्मंडचा गुडघा बदलायचं ठरलं. इतक्या वर्षांच्या नमाजानंतर तोही दमला होता बिचारा. तो इस्पितळात गेला आणि मेव्हिसने बर्नी लार्टरला फोन केला. त्याच्याच शेतात डेस्मंडचे बहुतेक रविवार गेले होते.

"बर्नी, तुझं ते खत फेकायचं यंत्र मोकळं आहे का?"

"आहे. काय फेकायचंय?"

"तुझ्याच शेतातलं तुलाच परत देतेय. बटणं, बकलं, शिशाच्या गोळ्या. खिळे नाही देत, तुझे टायर फुटतील."

बर्नी बराच वेळ हसला. "तीस वर्षं तो काढतोय. आता मी पेरू म्हणतेस?"

"पेर."

बर्नी डबे घेऊन गेला, खतात ओतले आणि कापणी झालेल्या शेतावर मायेने पसरले. मेव्हिसने खोलीला फिकट पिवळा रंग दिला.

कुबड्या टेकत डेस्मंड घरी आला. त्याने खोलीत डोकावून पाहिलं.

"माझे डबे?"

"बर्नीकडे ठेवलेत."

"बरं केलंस. कोरडी जागा आहे ना?"

"मोकळी हवा आहे," मेव्हिस म्हणाली. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि तीस वर्षांत भरलेला एकही डबा पुन्हा न उघडलेल्या माणसाने पुढे काही विचारलंही नाही.

पुढे काही दिवसांनी त्याच्या विजारीचं बटण तुटलं. मेव्हिसने शिवणाचा डबा उघडला, तर आत वाकडे खिळे. शिवणाचा डबाही बिस्किटांचाच होता, निळाच होता. घराघरांत असतो तसा. खिळे घरात राहिले होते आणि आईची कात्री, आईचं चांदीचं अंगुस्तान खतातून बर्नीच्या शेतात गेलं होतं. तिची आई एडना बॅरेट शर्टांच्या कारखान्यात शिवायची. बोटात घालायची ती चांदीची टोपी तिला तिथूनच निवृत्तीच्या दिवशी मिळाली होती. आईच्या म्हणून मेव्हिसकडे या दोनच वस्तू उरल्या होत्या.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. मग मेव्हिसने जे केलं त्याने अख्खा क्लब हेव्याने जळून गेला.

"डेस, आज बर्नीच्या शेतात जायचं नाही का?"

"अगं, डॉक्टर म्हणाले अजून थोडे दिवस..."

"डॉक्टरला काय कळतंय इतिहासातलं? हे घे सँडविच. हॅम घातलंय. थर्मास भरलाय. आणि जरा बारकाईने बघ. सगळं मोठंच नसतं, बारीक चांदीबिंदीही असते."

डेस्मंडचे डोळे पाणावले. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोला आपला छंद समजला, असं त्याने आम्हाला सांगितलं.

आणि शेत तर काय, पावलागणिक यंत्र किंचाळायला लागलं. बटण, बकल, गोळी, परत बटण. डेस्मंड आनंदाने थरथरत होता. यातली प्रत्येक वस्तू त्याने एकदा काढली होती, पण एकही ओळखू आली नाही. आमचा अध्यक्ष गॉर्डन धावत आला, कमरेवर हात ठेवून त्याने क्षितिजाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "इथे गाव होतं. हरवलेलं गाव."

अखेर एका रविवारी ते अंगुस्तान सापडलं. मेव्हिस दारातच उभी होती. चांदीचं अंगुस्तान मिळाल्याचं त्याने फाटकातूनच ओरडून सांगितलं.

"डेस! दे इकडे!"

"देऊ कुठून? गॉर्डनकडे दिलंय. वर्षातली सर्वोत्तम वस्तू म्हणून स्पर्धेत जाणार आहे!"

तिने दार आपटलं. बायकांना फार आनंद झाला की असं होतं, अशी डेस्मंडची समजूत.

क्लबाचं वार्षिक जेवण गावातल्या पबच्या मागच्या दालनात असतं. अंगुस्तान मखमलीवर, काचेखाली. गॉर्डन चमच्याने ग्लास वाजवून उभा राहिला.

"मित्रहो, दोनशे वर्षांपूर्वीची ही वस्तू. आत अक्षरं कोरलीत, ई. बी. माझ्या संशोधनाप्रमाणे ही लेडी एलिझाबेथ ब्लेकवूड असावी." अशी कुणी बाई आमच्याकडे कधी होऊन गेल्याचा पुरावा नव्हता, पण न होऊन गेल्याचाही नव्हता. "डोळ्यांसमोर आणा, चांदण्यात बसून ती नाजूक बोटांनी भरतकाम करते आहे..."

"दिवसाला शंभर कॉलर," मेव्हिस म्हणाली.

"काय?"

"नाजूक बोटं नव्हती तिची. ई. बी. म्हणजे एडना बॅरेट. माझी आई. आणा ते इकडे."

डेस्मंड हळूच म्हणाला, "पण मेव्हिस, तुझ्या आईचं अंगुस्तान बर्नीच्या शेतात कसं गेलं?"

"मी टाकलं. चुकून. तुझे डबे मात्र चुकून नाही टाकले."

मग तिने सगळं सांगितलं, खताच्या यंत्रासकट. गॉर्डनचं हरवलेलं गाव त्याच्या चेहऱ्यावरून घरं-दारांसकट नाहीसं होताना आम्ही पाहिलं. करंडक हातात धरून तो घुटमळत होता. वस्तूची वारस जेवायच्या टेबलापाशी बसलेली नसावी, असं नियमांत कुठेच नव्हतं. शेवटी त्याने करंडक डेस्मंडच्या हाती दिला आणि मुकाट्याने बसला.

आम्ही सगळे डेस्मंडकडे बघत होतो. तीस वर्षांची कमाई बायकोने खतात घालवलेली. माणूस रडेल, ओरडेल, निदान उठून तरी जाईल. त्याचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात डबे मोजत होता.

"मेव्हिस," तो म्हणाला, "म्हणजे बाकीचं सगळं अजून तिथेच आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागवावं की हसावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने अंगुस्तान बोटात घालून पाहिलं.

पुढच्या रविवारी बर्नीच्या बांधाला गाड्यांची रांग लागली. अख्खा क्लब हजर. सगळ्यात पुढे गॉर्डन. संशोधकाला लाज परवडत नाही. मेव्हिस घडीची खुर्ची टाकून शेताच्या कडेला बसली होती. कात्री अजून मिळाली नव्हती.

"डेस, कुंपणाकडे जा!" ती ओरडली. "बर्नीने तिकडून सुरुवात केली होती!"