पुसलेले घर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि माझे डोके अजून ठिकाणावर आलेले नाही. गोड गोड काही ऐकायचे असेल, तर दुसरीकडे जा.

सुताराने मला घडवले, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि इंग्रजीच्या वर्गात टांगले. बाईंचे अक्षर सुरेख होते. ते मिरवताना माझी छाती फुगायची. दरवर्षी जागेचे वर्णन शिकवताना त्या 'इन व्हिच', 'अंडर व्हिच' लिहीत आणि खाली इंग्रजीत तेच ते वाक्य: ज्या घरात मी राहतो, त्याच्याभोवती बाग आहे. मुले निमूटपणे उतरवून घेत. बाग एकाच्याही घराला नव्हती.

एकदा बाईंनी स्वतःचे वाक्य लिहायला सांगितले. एका इमारतीच्या पहारेकऱ्याची मुलगी पुढे आली. टाचा उंचावून, खडू दाबून दाबून तिने इंग्रजीत लिहिले: ज्या जिन्याखाली आम्ही राहतो, त्याच्यावरून सगळी इमारत चढते-उतरते. एकही चूक नव्हती. मी हरखून गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर कोणाचे तरी खरे घर उमटले होते.

वर्ग फिदीफिदी हसला.

"अगं, जिन्याखाली काय घर असतं?" बाई म्हणाल्या. "उद्या पाहुणे येणारेत. तू आपलं बागेचंच लिही."

"पण बाई, आम्ही खरंच तिथं राहतो."

"राहत असशील गं. पण चांगलं दिसत नाही ते." आणि त्यांनी डस्टर फिरवला.

चांगले दिसत नाही म्हणे! मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. ती अक्षरे मी हट्टाने धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोरीने पाहुण्यांसमोर मुकाट्याने बाग लिहिली. त्या बागेखालून जिना पुसट पुसट दिसत होता. पाहुण्यांनी चष्मा सावरला.

"बाळ, हे खाली काय लिहिलंय?"

तिने बाईंकडे पाहिले.

"काही नाही," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. त्यानंतर वर्षभर तिने खडू हातात घेतला नाही. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझा संताप होतो.

आता वर्गात नवा पांढरा फळा आहे आणि मी शाळेच्या जिन्याखाली पडलो आहे. डोक्यावर दिवसभर पावले वाजतात, धूळ गळते. मित्रांनो, माझी निगा राखू नका. मला वाळवी लागली तरी चालेल. पण एखाद्या पोराने आपले घर लिहिले, तर पुसण्याआधी ते नीट वाचा.

जिन्याखाली राहतात, बाई. मी राहतोय.