सवतीची परीक्षा

आमच्या घरात वर्षातून एकदा परीक्षेचं वातावरण असतं आणि परीक्षेला बसते आमची गाडी. वय वर्षं सतरा. बाबांनी ती घेतली तेव्हाच चार वर्षं दुसऱ्या घरी नांदून आली होती. आई तिला सवत म्हणते, आणि उगाच म्हणत नाही. आईच्या वाढदिवसाची बाबांना आठवण करून द्यावी लागते, पण गाडीचं ऑइल कधी बदललं ते त्यांना झोपेतून उठवून विचारा.

फिटनेसची चाचणी जवळ आली की पंधरा दिवस आधीपासून बाबा घरात कमी आणि गाडीखाली जास्त असतात. टॉर्च घेऊन गंज शोधायचा, टायरची झीज मोजायची, बॅटरीची टोकं जुन्या टूथब्रशने घासायची. एका वर्षी तो टूथब्रश माझा निघाला, आणि तो मुळीच जुना नव्हता. आदल्या दिवशी रंगीत तालीम. बाबा स्टिअरिंगवर, आई गाडीच्या मागे कमरेवर हात ठेवून. आई हाका मारते: डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स, पार्किंग. सगळे दिवे लागले की "झालं, आता जेवायला चला" म्हणून आत निघून जाते. तेरा वर्षं हाच क्रम. आईच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच बाबांचा हात नाहीतर पाय जागेवर गेलेला असतो.

यंदा मात्र परीक्षेची धास्ती मलाच जास्त होती. या वेळी नापास झाली तर सरळ विकून टाकायची, असं घरात ठरलं होतं. ठरवलं मीच होतं, तेही तावातावाने. गाडी गेली तर बाबांचं काय, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. निवृत्त झाल्यापासून माझ्या लेकीला शाळेत सोडणं आणि आणणं हीच त्यांची नोकरी. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला, आठच्या ठोक्याला हजर. सकाळी गॅलरीत उभं राहून आजोबा-नातीला गाडीतून गेटाबाहेर पडताना बघायचं आणि मग निवांत मनाने लोकांच्या दातांकडे वळायचं, असं माझं चाललेलं. बाबांची ही नोकरी सुटली तर ते दिवसभर घरी. दिवसभर घरी असलेले बाबा काय करतात ते आईला विचारा. गेल्या सुट्टीत त्यांनी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले होते.

म्हणून मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. जाताना बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. कागदपत्रांची फाइल मांडीवर घट्ट धरायची आहे म्हणे, वारा आहे. काचा बंद होत्या. मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाचं काहीतरी असतं, आणि मुकाट्याने गाडी चालवली. वाटेत त्यांनी मला चार वेळा सांगितलं की मी क्लच फार घाईने सोडते.

चाचणी केंद्र म्हणजे उंच पत्र्याची लांबलचक शेड. आमच्या पुढे एक तरुण आपली चकचकीत नवी गाडी घेऊन आला होता, ती टायरवर नापास झाली. बाबांचा चेहरा खुलला, पण त्यांनी चुकचुकून दाखवलं. आमची पाळी आल्यावर ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. तपासनीस मध्यमवयाचा, शांत, कानावर पेन अडकवलेला माणूस होता. त्याने खालून ठोकून बघितलं, धुराची नळी लावली, रोलरवर ब्रेक तपासले. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. मी त्याच्या शेजारी पिवळ्या पट्टीमागे उभी राहून त्याच्या वहीत डोकावत होते आणि तो मला डोकावू देत होता.

राहिले फक्त दिवे. शेजारच्या रांगेत रोलरचा असा खडखडाट चालला होता की ओरडून उपयोग नव्हता. तिथे ते सगळं हातांनीच सांगतात. खुणांचं चित्र भिंतीवर लावलेलं होतं. तपासनीस गाडीच्या मागे उभा राहिला आणि त्याने आरशात दिसेल अशी मूठ वर धरली. मूठ म्हणजे ब्रेक. गाडीचा डावा इंडिकेटर लागला.

त्याने दोन्ही हात मागे ढकलले. म्हणजे रिव्हर्स. उजवा इंडिकेटर लागला. मग त्याने डावा हात पसरला, तर ब्रेकचे दिवे पेटले. तपासनीसाने पेन कानावरून काढलं. सतरा वर्षांच्या गाडीत असं होतं, तो माझ्या कानाशी येऊन समजावून सांगू लागला, वायरी झिजून एकमेकींना चिकटतात, एक बटण दाबावं तर भलतंच लागतं. त्याने उजवा हात पसरून बघितला. रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला. शेवटी पार्किंगचे दिवे, कुणी न विचारता.

डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स, पार्किंग. मला गाडीमागे कमरेवर हात ठेवून उभी असलेली आईच दिसली. गाडीला काही झालं नव्हतं. बाबा घरचा धडा घडाघडा म्हणून मोकळे झाले होते. बारा फुटांवरचा माणूस हात हलवतोय हे त्यांना दिसतच नव्हतं.

आता खरं सांगते, मी गप्प बसले. तपासनीस 'वायरिंग सदोष, रस्त्यावर आणण्यास अयोग्य' असं लिहीत होता आणि मी लिहू देत होते. गाडीवर खापर फुटेल, गाडी विकली जाईल, बाबांना कुणाला काही सांगावं लागणार नाही. वस्तूच ती, तिला काय वाटणार आहे. मी इतक्या पटकन हा हिशेब केला की माझीच मला लाज वाटली.

बाबा गाडीतून उतरून आले. त्यांनी कागद मागितला, अगदी नाकाजवळ नेला, मग लांब धरला आणि शेवटी माझ्याकडे देऊन वाचायला सांगितलं. मी वाचलं. सदोष या शब्दावर ते असे ताठ झाले की जणू त्यांच्या मुलीला एखाद्या स्थळाने नाकारलं असावं. मुलगी समोरच उभी होती, पण माझ्यासाठी ते इतके कधी ताठ झाल्याचं मला आठवत नाही.

"साहेब, हे खोडा," ते म्हणाले. "गाडीत काही दोष नाही. मला तुमचे हात दिसत नाहीत."

तपासनीस माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे.

"तुम्ही उभे आहात एवढं कळतं," बाबा म्हणाले. "पुढचं सगळं धुरकट. पण तिची वायर न् वायर मी हाताने तपासली आहे. तिच्या नावावर हे लिहू नका."

मग मी स्टिअरिंगवर बसले. मूठ, ब्रेक. डावा हात, डावा. सवत एकदाही चुकली नाही. तपासनीसाने आधीचं लिहिलेलं खोडलं, शेजारी सही केली आणि किलोमीटरचा आकडा टिपताना गेल्या वर्षीच्या कागदाशी ताडून बघितला. वर्षभरात जेमतेम नऊशे, म्हणाला, फारच जपून वापरता की. बाबांनी घाईघाईने त्याचे आभार मानले आणि मला चला चला केलं.

पण आकडा माझ्या डोक्यातून जाईना. शाळा दोन किलोमीटरवर. सोडून परत यायचं, पुन्हा आणायला जायचं. शाळेचे दिवस धरले तरी एवढ्यानेच सोळाशे व्हायला हवेत, आणि शिवाय बाजार. पहिल्या वळणानंतर मी गाडी कडेला लावली. माझं डोकं तापलं होतं. डोळ्यांना कधीपासून दिसत नाही, मी विचारलं. पाच महिने झाले असतील, म्हणाले. आणि पाच महिने माझ्या पोरीला गाडीत घालून तुम्ही भर रस्त्यातून नेताय, मी जवळजवळ किंचाळलेच.

"नेत नाही," ते म्हणाले. "लाँड्रीच्या मागे गाडी लावतो. पुढे चालत जातो आम्ही."

लाँड्री आमच्या कोपऱ्यावर आहे. गेटापासून मोजून साठ पावलं. मग तेवढी तरी गाडी कशाला काढायची, मी म्हटलं. बाबांनी मांडीवरची फाइल सरळ केली.

"तू गॅलरीत उभी असतेस ना. तू बघितलंस की निवांत कामाला जातेस."

राग तसाच होता, त्या साठ पावलांचाही होता, आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की मी नाक शिंकरते, तसं शिंकरलं. बाबा समोरच्या काचेतून बघत होते, त्यांना जे काही दिसत असेल ते.

"पोरगी कुणाला बोलली नाही?" मी विचारलं.

"नाही. तिला वाटतं मला चालायचा व्यायाम सांगितलाय. रस्ता ओलांडताना हात धरते, आता चला म्हणते, मग मी पाऊल टाकतो. शहाणी आहे. तुझ्यासारखी घाई नाही करत."

मी गाडी सुरू केली आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या रस्त्याला वळवली. उद्या सकाळी मीही तुमच्याबरोबर चालत येणार, मी सांगितलं.

"आम्ही सव्वासातला निघतो," बाबा म्हणाले. "तुला जमेल का बघ."