नऊशे नव्याण्णव फुटांचा तलाव

सोनडबरी तलावाच्या घाटावर त्या सकाळी दोनेकशे माणसं उभी होती. पाण्याच्या मधोमध नवी सरकारी नाव, नावेत खोली मोजायचं यंत्र आणि यंत्रावरचे आकडे मोठ्यानं वाचणारा नावाडी लहानू. "शंभर फूट," तो म्हणाला. मग तीनशे. मग सहाशे. नऊशे नव्याण्णववर आकडा थांबला आणि लुकलुकत राहिला, कारण त्या यंत्रात त्यापुढे आकडेच नव्हते. पातालनाथ महाराज कालपर्यंत पिंपळाखाली बसून लोकांचे हात पाहत होते. ते कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि म्हणाले, "भक्तों, ये तालाब नहीं, पाताल का दरवाज़ा है. मैं नहीं कह रहा, सरकारी मशीन कह रही है."

मशीन मी बसवली होती.

मी भास्कर. मूळचा वर्ध्याचा, इथं बूढापारा मोहल्ल्यात भाड्यानं राहणारा, नव्या राज्याच्या नव्या खात्यातला कनिष्ठ अभियंता. राज्य इतकं नवं होतं की आमच्या कार्यालयाची पाटी अजून खडूनं लिहिलेली होती. शिवाय मी विवेक मंडळाचा सचिव. दर रविवारी अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायचो. ऐकायला दहा माणसं असत, त्यांतली चार माझ्या घरची.

तलावात गाळ किती साचला ते मोजायचं काम माझ्याकडे आलं. यंत्राची चकती नावेच्या बुडात अशी बसवायची होती की तिचं तोंड बुडाशी अगदी सपाट राहावं. चकती पाण्यात आवाज सोडते, आवाज तळावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून खोली कळते. त्यासाठी बीरगावच्या एका शेडमध्ये जाऊन मी नव्याकोऱ्या फायबरच्या नावेला बुडाशी भोक पाडलं. या नावेत मोठे साहेब बसणार आहेत, हे भोक पाडून झाल्यावर आठवलं. नाव बुडाली तर? चकती बसवली, भोवती लुकण भरलं, वाळल्यावर काचकागदानं घासून सगळं एकसारखं केलं. मग आणखी एक गोष्ट केली. ती मी कोणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. तिचं पुढे येईलच.

आकडा लुकलुकला तेव्हा मी काय करायला हवं होतं? माहितीपुस्तक वाचायला हवं होतं. पण नवी वस्तू आली की तिची प्लास्टिकची पिशवी फाडायची नाही, हे आमच्या घराण्यात चालत आलेलं. पुस्तक पिशवीत राहिलं आणि मी वार्ताहराला सांगितलं की जमिनीला खोल भेग असणं शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. सदर बाजारात एका सराफानं मला उठून नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

महाराजांचं तर दुकानच लागलं. "पाताल का जल, ना धूप लगी ना पाप लगा. शुगर, पीलिया, कोर्ट-कचहरी, सब में तीन घूँट." मधुमेहवाले, कावीळवाले, खटलेवाले, सगळे डबे भरून नेऊ लागले.

आठवड्यानं माझी बायको चित्रा शाळेतून आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. ती पाचवीला गणित शिकवायची.

"लहानूची पोरगी सरिता चार दिवसांपासून वर्गात नाही. आत्ता तिच्या घरून येऊन राहिली मी. पोट्टीचे डोळे हळदीवानी पिवळे झाले. काही खाल्लं तं उलटी होते. अन् लहानू तिले तलावाचं पाणी पाजून राहिला."

"दवाखान्यात काहून नाही नेलं?"

"नेणार होता. महाराज म्हणाला, सुई टोचली का पाण्याचा गुण जाते. अन् लहानू मले काय म्हणते माहीत आहे? म्हणते, बाबाचं मी ऐकलं नसतं बाई, पण भास्कर साहेबाची मशीन खोटी कशी असंन?"

मी उठलो. दोघं स्कूटरवर लहानूच्या घरी गेलो. सरिता खाटेवर पडली होती. उशाशी तोच हिरवट पाण्याचा तांब्या. तिनं मला पाहून उठायचा प्रयत्न केला आणि तिला उठता आलं नाही. मला स्वतःची शरम वाटली.

चित्रानं लहानूला विचारलं, "भाऊ, तुम्ही नाव कशानं चालवता?"

"बांबूनं."

"बांबू तळाला टेकते?"

"हव. टेकल्याबिगर नाव ढकलंन कशी?"

"मधात किती फुटावर टेकते?"

"चौदा." लहानू खाली पाहू लागला. "तीस वर्षांपासून चौदाच आहे, बाई. पण तो माझा बांबू आहे. हे सरकारची मशीन आहे."

तेवढ्यात मला माझी ती लपवलेली गोष्ट आठवली.

"चला घाटावर," मी म्हणालो. "नाव उलटी करायची आहे."

घाटावर गर्दी होतीच. दहा जणांनी नाव ओढून वर आणली आणि आडवी केली. बुडाशी, बरोबर चकतीवर, शेंदराचा बोटभर जाड थर होता आणि त्यावर चांदीची बेगड. कडेला ती सुटून फुगली होती. महाराजांनी हात जोडले. "देखो, स्वयं बजरंगबली प्रकट हुए."

"प्रकट नाही झाले," मी म्हणालो. "मी लावला."

मला वाटलं, इथंच थांबावं. मग सरिता आठवली आणि मी सगळं सांगून टाकलं. भोक पाडल्यावर नाव बुडेल याची मला भीती वाटली. तेलात शेंदूर कालवून मी थापला, वर बेगड चिकटवली आणि डोळे मिटून हातही जोडले. हो, विवेक मंडळाच्या सचिवानं. त्या थरात आणि बेगडीखाली हवा अडकली. हवेतून हा आवाज पुढे जात नाही, म्हणून तो तळापर्यंत पोचलाच नाही. परत काही ऐकू येईना, तशी मशीन खोल, आणखी खोल शोधत गेली. आकडा लुकलुकतो याचा अर्थ तिला तळ सापडला नाही, एवढाच. पाताळ तलावात नव्हतं, माझ्या शेंदरात होतं.

नखांनी आणि साबणानं मी चकती साफ केली. नाव मधोमध नेली. या वेळी आकडा चित्रानं वाचला. "चौदा." लहानूनं बांबू सोडला, वर काढला आणि ओली खूण सगळ्यांना दाखवली. तीही चौदाच.

"दरवाज़ा बंद हो गया," महाराज म्हणाले. "अविश्वास से." पण लोक आता बांबूकडे पाहत होते.

सरिताला स्कूटरवर मधे बसवून आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. लहानू व्हरांड्यात भिंतीशी बसून रडला. मीही रडलो, पण जरा लांब जाऊन.

महिन्यानं ती शाळेत आली. रविवारच्या व्याख्यानालाही आली, पहिल्या रांगेत बसली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "सर, तुमाले भेव वाटलं होतं, तं कोणाले सांगितलं काहून नाही?"

व्याख्यान मी खिशात ठेवलं आणि त्या दिवशी एवढंच बोललो. भीती सगळ्यांना वाटते, मलाही. वाटली तर शेजारच्याला सांगा, तिच्यावर शेंदूर थापू नका. आणि यंत्र सांगो, महाराज सांगोत की मी सांगो, हातात बांबू असेल तर आधी तो पाण्यात टाकून पाहा.